रिकी सागर गडचिरोलीत

"रिकी सागर गडचिरोलीले येऊन राह्यला. उद्याच."

फोनवर शिरीनचा आवाज इतका चढला होता, की घरी कुणाला काही झालं की काय, असंच दिव्यानीला आधी वाटलं. मग नाव डोक्यात शिरलं आणि तव्यावरची पोळी करपली.

आरमोरीच्या शाळेत दोघी एका बाकावर बसायच्या. रिकीचं गाणं टीव्हीवर लागलं की शिरीन धावत दिव्यानीकडे यायची, कारण तिच्या अब्बांना ते केस वाढवलेलं पोरगं पसंत नव्हतं. त्याच्यासारखी लाल पट्टी कपाळाला बांधून दोघी वर्गात गेल्या आणि बाईंचा मार खाऊन आल्या. त्याच्याशी लग्न कोण करणार, यावरून अबोलाही धरला. पुढे शिरीन लग्न होऊन गडचिरोलीला गेली, तिथं तिनं शिवणाचं दुकान काढलं. दिव्यानी आरमोरीतच शिक्षिका झाली. रिकी टीव्हीवरून कधी नाहीसा झाला, ते कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

"माझ्या दुकानासमोर मोबाइलचं दुकान उघडून राह्यलं. त्याच्याच हातानं उद्घाटन आहे. येतं ना?"

"काऊन नाई येणार वं?"

सकाळी दिव्यानीनं शिरीनच्या पोरांसाठी तिखट पुऱ्या तळल्या. नवरा पियुष हसत म्हणाला, "पस्तिशी आली तुमची." ती म्हणाली, "त्याचीबी पन्नाशी आली असंन," आणि एसटी पकडली.

रस्ता गच्च भरला होता. सगळ्या त्यांच्याच वयाच्या बाया. कडेवर लेकरं, हातात भाजीच्या पिशव्या. बंदोबस्ताची महिला शिपाई "मागं व्हा" म्हणत होती आणि स्पीकरवरच्या गाण्याबरोबर तिचेही ओठ हलत होते.

रिकी गाडीतून उतरला. पोट सुटलेलं, केस विरळ, पण चालणं तेच. शिरीननं दिव्यानीचा दंड इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. तो गायला लागला. वरच्या पट्टीत आवाज फाटला, तो थांबला, आणि पुढचं कडवं सगळ्या रस्त्यानं म्हटलं. एकीचाही शब्द चुकला नाही. त्यानं माइक खाली केला आणि नुसता ऐकत उभा राहिला.

फीत कापून झाल्यावर गर्दीच्या रेट्यानं दोघी थेट त्याच्यासमोर आल्या. नववीपासून दिव्यानीनं मनात किती वाक्यं जुळवून ठेवली होती! त्यातलं एकही आठवेना. त्याच्या कपाळावरचा घाम तेवढा दिसला.

"जेवले का तुम्ही?" ती म्हणाली.

तो चपापला. "नाही हो. नागपूरला चहा घेतला, तेवढाच."

"मंग चला," शिरीन म्हणाली आणि खरंच त्याला आपल्या दुकानात घेऊन गेली. शिवणयंत्रावरचं कापड बाजूला सारून दिव्यानीनं डबा उघडला. रिकी सागरनं लोणच्याबरोबर सात पुऱ्या खाल्ल्या, बोटं चाटली आणि आणखी आहेत का, असं विचारलं. बाहेर काचेला बाया चिकटल्या होत्या.

तो गेल्यावर दोघी स्टुलांवर बसून हसत सुटल्या, पोट दुखेस्तोवर.

"त्याच्याशी लग्न कराले निघालो होतो आपण," शिरीन डोळे पुसत म्हणाली.

"आता तर तो मले आपला भाऊच वाटला वं," दिव्यानी म्हणाली. "दुपारची दवाई घेतली का, हे विचाराचं राह्यलं."

शिरीननं मोबाइल काढला, जुनं गाणं लावलं आणि दुकानाचं शटर अर्धं ओढलं. मग दोघी नाचल्या.