पातळ भिंतींचे स्पीकर

बायको गेल्याचं कळलं तेव्हा मी एका घरी कपाटाची दारं बसवत होतो. मुलीचा फोन आला. "बाबा, हातातली पटाशी आधी खाली ठेवा." मी ठेवली. मग ती म्हणाली, "आई वाचनालयातच गेली. वाचता वाचता."

बायको अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. शाळेची, कॉलेजची, कायद्याची सुद्धा. तिथले व्यवस्थापक सांगायचे, "मुलं दुसऱ्या कुणाचं नेतच नाहीत. त्या बाईंचंच द्या म्हणतात." मी सुतार माणूस, मला त्यातलं फार कळायचं नाही. पण हे वाक्य मी प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं आहे.

पुढे व्यवस्थापकांनी तिचं सगळं वाचन पेनड्राइव्हवर घालून दिलं. मुलीने ते फोनवर लावलं. पत्र्याच्या डब्यातून कुणी बोलावं तसं वाटलं.

"आईचा आवाज एवढा बारीक नव्हता."

"बारीकच होता."

"तुमच्याशी असेल. माझ्यावर ओरडायची तेव्हा भांडी हलायची."

दोघंही हसलो. तिचा आवाज कसा होता, यावर आत्ताच आमचं एकमत होईना. मला भीती वाटली. दुसऱ्याच दिवशी मुलीला घेऊन स्पीकरच्या दुकानात गेलो.

"काका, कुठलं गाणं लावू?" दुकानदाराने विचारलं.

"गाणं नको. हे लावा."

तो भूगोलाचा धडा होता. खडकांचे प्रकार.

मी आधी खोकी ठोकून पाहिली. मोठी जोडी दगडासारखी भरीव होती, कोपरे सुरेख जुळवलेले. शेजारी एक लहान जोडी होती, पुस्तकांच्या फळीवर मावेल अशी. तिच्यावर बोट मारलं तर पोकळ वाजलं.

"हे काय काम झालं? असं कपाट दिलं तर लोक मला दारात उभं करणार नाहीत."

"जुन्या इंग्लिश घडणीचे आहेत, काका. भिंती मुद्दाम पातळ ठेवतात. रेडिओवर बोलणाऱ्यांचा आवाज तपासायला असे बनवायचे."

"ते असू द्या. मोठे लावा."

"बाबा, आपण स्पीकर घ्यायला आलोय, शोकेस नाही," मुलगी पुटपुटली.

मोठ्यांतून बायको बोलली ती विमानतळावर सूचना देणाऱ्या बाईसारखी. रुबाबदार, पण परकी. मी मान हलवली. दुकानदाराने वायर लहान जोडीला लावली.

नवा परिच्छेद सुरू करण्याआधी बायको ओठ ओले करायची. ते ऐकू आलं. 'चुनखडी' म्हणताना दातांच्या फटीतून यायची ती हलकी शीळही आली. आवाज बारीक नव्हता. जाडही नव्हता. स्वयंपाकघरातून मला हाक मारताना असायचा तसा होता. मुलगी तिथल्या स्टुलावर बसली आणि धडा संपेपर्यंत उठली नाही.

टीव्ही बघायला आलेले एक गृहस्थ आमच्यामागे येऊन थांबले होते. खडक त्यांनीही शेवटपर्यंत ऐकले.

"किती छान वाचतात! कोण आहेत या?"

"माझी बायको," मी म्हणालो. जरा मोठ्यानेच म्हणालो असेन, कारण काउंटरवरच्या माणसानेही वर पाहिलं.

पातळ भिंतींचेच घेतले.

दुकानदार म्हणाला, "बसल्यावर कानाच्या उंचीला येतील असे ठेवा. स्टँड देऊ?"

"सुताराच्या घरात विकतचे स्टँड?" माझ्याआधी मुलगीच बोलली.

ती तिच्या घरी परत गेली. स्पीकर सध्या टेबलावर आहेत, कानाच्या थोडे खालीच येतात. सागाच्या फळ्या मी रंधा मारून ठेवल्या आहेत. पण उंची घ्यायची तर एकाने खुर्चीत ताठ बसायचं आणि दुसऱ्याने जमिनीपासून कानापर्यंत टेप धरायची. मी टेप धरायला वाकलो की कान खाली येतो. स्टँड अजून व्हायचे आहेत.