शनिवारचा डबा

"बायनाबाई, गिरणी बंद करा जरा! ह्याच्यात तुमीच हायत की वो!"

शेजारच्या कमलबाईंनी मोबाइल थेट माझ्या नाकासमोर धरला. मी बटण दाबलं, पट्टा थांबला आणि मला माझाच आवाज ऐकू आला. पाथरीच्या सभेचा मांडव, माझ्या हातात माईक, डोळ्यांत पाणी, आणि मी सांगतेय, "माझ्या मनिषाला यायच्या त्या फिट प्रार्थनेनं गेल्या!" शेजारी आमचे पास्टर योगीराज हात वर करून म्हणतायत, "आता गोळी कशाला? विश्वास धरा!" खाली कुणीतरी लिहिलं होतं, 'पोरगी फिट येऊन चुलीवर पडली, पास्टर फरार.'

"फरार कशाचा? घरात बसलाय तोंड लपवून," मी म्हणाले.

"अन् तुमी त्याचीच बाजू घ्यायल्यात? लेकरू भाजलंय तुमचं!"

"बाजू कशाची माय! खरं तेवढं सांगायलेय."

खरं म्हणजे दोन आठवडे मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. मनिषा माझी एकुलती एक लेक, चोवीस वर्षांची. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. पण तिच्या गोळ्या ट्रंकेत टाकून वर कुलूप लावणारी मीच होते. ते काही व्हिडिओत दिसत नव्हतं. अख्ख्या जिंतुरात ते मला आणि मनिषालाच ठाऊक होतं.

गिरणीच्या दाराशी एक पत्र्याचा डबा असतो. आमच्या चर्चच्या मंडळीतली प्रत्येक बाई रोज घरच्या ज्वारीतून एक मूठ पास्टरच्या घरासाठी बाजूला काढते. शनिवारी ती सगळी ज्वारी या डब्यात पडते, मी दळते आणि पीठ त्यांच्याकडे पोचवते. माझ्या सासूपासून हे चालत आलंय. त्या शनिवारी मात्र दुपार कलली तरी डब्याचा तळ दिसत होता. माझीही मूठ त्यात नव्हती, उगाच कशाला लपवू?

तेवढ्यात मंडळीचे पंच माणिकराव आले. "डबा उचला. उद्या उपासनेत पास्टरला मंडळीचं घर खाली करायला सांगायचं ठरलंय. अन् कुणी विचारलं तर म्हणायचं, पोरीनं गोळ्या सोताहून सोडल्या. मंडळीचं नाव लय खराब व्हायलंय."

माझं डोकंच फिरलं. "पास्टरला हाकलायचं अन् खापर माझ्या लेकीवर फोडायचं? लय शहाणे हायत तुमी! निघा इथून."

ते गेले. मी गिरणीला कुलूप घातलं आणि तशीच, पिठानं माखलेली, पास्टरच्या घरी गेले. त्यांच्या बायकोनं, सुकेशनीनं, दार उघडलं. योगीराज उठून उभे राहिले. मान वर होईना.

"मावशी, मारा मला."

"मारून काय करू? माझेच हात दुखतील. उद्यापासून उपदेशाला पुलपिटावर चढायचं न्हाई. खाली सतरंजीवर उभं राहून सांगायचं, मी चुकीचं शिकवलं, मनिषाचा काही दोष न्हाई. मंग पाथरी, येलदरी, जिथं जिथं मनिषा बरी झाल्याची साक्ष सांगितली तिथं जाऊन सांगायचं, गोळ्या बंद करू नका. हाय हिंमत?"

ते रडायला लागले. मला दया नाही आली, रागच आला. "रडणं मागून. आधी व्हय म्हणा."

"व्हय," ते म्हणाले.

रविवारी त्यांनी सगळं सांगितलं, खाली उभं राहून. मागून कुणीतरी ओरडलं, "घर खाली कर!" माणिकराव उठायच्या आत मी उठले.

"गोळ्या बंद करा म्हणले पास्टर. कुलूप लावलं मी. मनिषा गोळी मागत होती, मी दिली न्हाई. त्यांना काढायचं तर मलाबी काढा. पुलपीट गेलं ते गेलंच, पण त्यांच्या घरात भाकर नको, असं कुठं लिहिलंय?"

घर खाली करायचा विषय तिथंच मिटला. मनिषाकडे बघायचं माझं धाडस झालं नाही.

आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही. गोळी मात्र वेळेवर घेत होती, स्वतःच्या हातानं. पास्टर एसटीनं पाथरीला जाऊन आले. तिथं लोकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं म्हणे. तरी ते दुसऱ्या दिवशी येलदरीला गेले.

पुढच्या शनिवारी मनिषा गिरणीत आली. रविवारची उपासना सोडली तर भाजल्यापासून पहिल्यांदाच ती चारचौघांत आली होती. कमलबाई रांगेतून बाजूला झाल्या. मनिषाच्या उजव्या हाताची बोटं अजून मिटत नव्हती. तिनं डाव्या हातानं ओढणीची गाठ सोडली आणि ज्वारी डब्यात ओतली.

"सात दिवसांची हाय," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून विचारलं, "आई, तुझी कुठंय?"

मी भरल्या मंडळीत एवढं बोलले होते, पण ज्वारी काढायची राहूनच गेली होती. मी आमच्या ज्वारीच्या पोत्यात हात घातला. घाईत मूठ एवढी भरली की दाणे खाली सांडले. मनिषा माझ्याजवळ बसली आणि डाव्या हातानं एकेक दाणा वेचून डब्यात टाकू लागली.