पुरं एक मिनिट

बोरगावची आशा कार्यकर्ती मी, चंद्रकला. तोंडाची फटकळ हाय, आधीच सांगून ठेवते. सुचिता मॅडम नागपूरहून आल्या तेव्हा म्हणलं, आली आणखी एक शिकवणारी! तीस वर्षं फ्लू आन् खोकल्यावर संशोधन केलेली बाई, आन् शिकवते काय, त लेकराचा श्वास मोजणं. झबलं वर करा, पोटाकडं पाहा, घड्याळ धरून पुरं एक मिनिट मोजा.

"अर्धं मोजून दुप्पट केलं त काय आभाळ कोसळते?" मी विचारलं.

"कोसळतं," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

संत्रातोडणीचे दिवस, घरोघरी सर्दी-ताप. इतका टाइम कोणाले हाय? मी अर्ध्या मिनिटावरच भागवून राहिली होती.

त्याच हप्त्यात माझी करुणा लेकीले घेऊन माहेरी आली. आठ महिन्यांची पोर, अंग तापलेलं, दूध सोडलेलं. अर्ध्या मिनिटात तेवीस श्वास, म्हणजे शेचाळीस. पन्नासच्या आत; पन्नास झाले त निमोनियाचं भेव. "साधी सर्दी हाय, घाबरू नको," म्हणलं.

तेवढ्यात नाकातले नमुने घ्यायले मॅडम आमच्याच दारात. पोरीले पाहिलं आन् खालीच बसल्या, मनगटावरचं घड्याळ काढून. अर्ध्या मिनिटाले तेवीसच झाले. मी मान ताठ केली. मंग पोट भराभर उडायले लागलं. तीस, चाळीस, पन्नास... त्रेपन्न!

"सौसरला न्या. आत्ताच."

जावई संदीपनं गाडी काढली. दवाखान्यात निमोनिया निघाला. ऑक्सिजन लावला. दोन तासांनी पोरीनं डोळे उघडले, डॉक्टर म्हणाले, धोका टळला. 

संगं आलेल्या मॅडमले मी विचारलं, "मॅडम, तुमाले कसं समजलं वो?"

"मला काही समजलं नव्हतं. मोजल्यावर समजलं." त्या घड्याळ बांधत होत्या. "नोकरीच्या पहिल्या वर्षी मीही अर्धंच मोजलं होतं, चंद्रकलाबाई. लोधीखेड्याचं बाळ होतं. प्रफुल्ल. वाचलं नाही."

मी पाहातच राहिली. माय वो! एका अर्ध्या मिनिटासाठी या बाईनं तीस वर्षं दिली! आन् मी तिले हसली होती.

मी पिशवी उचलली.

"आई, कुठं चालली?" करुणानं विचारलं.

"या हप्त्यात चौदा घरी अर्धंच मोजलं, बाई."

मॅडमनं चपला घातल्या आन् माह्यासंगं निघाल्या.