दातांतला दोरा

"नो, मावशी. इट हॅज टू फॉल," असं म्हणून मुग्धाने गिरकी घेतली. तिच्या कमरेभोवतीचा पांढरा स्कर्ट परातीसारखा आडवा पसरला आणि ती थांबली तरी तसाच राहिला.

सगुणाने तोंडातल्या टाचण्या काढून हातातल्या उशीत खोचल्या. दुबईत, देऱ्यातल्या मरियमबीच्या शिवणाच्या दुकानात नवरीच्या घागऱ्याला आतून कडक नेटचं कॅनकॅन लावावं ते सगुणानेच, यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. घागरा जितका फुगेल तितकी नवरी खूश, हा तिचा आजवरचा हिशेब कधी चुकला नव्हता. आता सहावीतली पोर तिला नापास करत होती.

मुग्धाची आई विनिता मूळची पुण्याची. डिस्कव्हरी गार्डन्सहून मेट्रोने येऊन ब्लाउज शिवायला टाकायची ती याच दुकानात. मुग्धाच्या बॅलेच्या क्लासचा कार्यक्रम तोंडावर आला होता, त्यात मुख्य नाच तिचा होता, आणि इतक्या घाईत काम घ्यायला दुसरं दुकान तयार नव्हतं. विनिताने मोबाइलवर जुनी चित्रं दाखवली. पावणेदोनशे-दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये असे स्कर्ट निघाले म्हणे. पोटरीपर्यंत लांब, घंटेच्या आकाराचे, मऊ तलम कापडाचे थरावर थर. त्याआधी नाचणाऱ्या बायका भरजरी कपड्यांच्या ओझ्याखाली असायच्या. या स्कर्टमधून पावलं दिसायला लागली, आणि बाई चवड्यांच्या टोकावर उभी राहिली की तिला वजनच नाही असं बघणाऱ्याला वाटायचं.

"म्हणजे मऊ नेट," सगुणा म्हणाली. तिचा चेहरा उतरला. लहान मुलींच्या कपड्याला ती मऊ, उडतं नेट कधीच लावत नसे, हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. कारण फक्त मरियमबीला ठाऊक होतं.

मुग्धाला मात्र सगळ्यात आवडलेला भाग अजून सांगायचा होता. स्टेजवर तेव्हा गॅसचे दिवे असत, उघड्या ज्योतीचे. स्कर्ट पेटत. मग सरकारने कापड औषधाच्या पाण्यात बुडवून घ्यायचा हुकूम काढला. त्याने आग लागत नसे, पण कापड पिवळं आणि ताठ होई. एका मोठ्या नर्तकीने ते घालायचं साफ नाकारलं. तालमीच्या वेळी तिचा स्कर्ट दिव्याला लागला. कित्येक महिने ती भाजलेल्या अंगाने पडून होती आणि तेव्हाही म्हणायची, पुन्हा नाचायला उभी राहिले तरी तो कुरूप स्कर्ट घालणार नाही. शेवटी त्यातच ती गेली.

"शी वॉज सो ब्रेव्ह," मुग्धा म्हणाली.

सगुणाने टाचण्यांची उशी खाली ठेवली. ती आत गेली आणि इस्त्रीच्या टेबलाशी पाठ करून उभी राहिली.

सगुणाची थोरली बहीण तानू. गुहागरकडच्या त्यांच्या वाडीत नायलॉनची साडी पहिल्यांदा नेसली ती तानूच. आई म्हणत होती, सुती नेस, चुलीपाशी वावरायचं आहे. तानूला हलकंच हवं होतं. चालली की पदर मागून तरंगत यायचा आणि वाडीतल्या बायका बघत राहायच्या. एका सकाळी घाईघाईत तिच्या पोलक्याचा बंद तुटला. अंगावरचा कपडा शिवू नये, शिवलाच तर ज्याच्या अंगावर आहे त्याने दातांत काडी धरावी, हे आईला माहीत होतं. पण वेळ कुठे होता? आईने तिच्या अंगावरच दोन टाके घातले, काडीबिडी धरायला न लावता. त्याच दुपारी चुलीच्या जाळाने पदर धरला आणि तानू गेली. त्यानंतर आईने मरेपर्यंत सुई हातात घेतली नाही. टाक्याने माणूस जळत नाही, हे सगुणाला कळत होतं. कळतं पण वळत नाही, त्यातली गत.

मरियमबी मागून आली. तीही रत्नागिरीचीच, त्यामुळे तिच्याशी आडपडदा नव्हता. "नको वाटत असेल तर खलास, सोड गो. मी सांगते त्यांना."

"आणि पोरीनं काय घालायचं?" सगुणाने डोळे पुसले, बाहेर आली आणि विनिताला विचारलं, "दिवे कसले हो ताई तुमच्या स्टेजवर?"

"इलेक्ट्रिकचे, सगुणाताई. ज्योत कुठेच नाही. मी स्वतः चेक केलंय."

सगुणाने मान हलवली आणि कात्री उचलली.

पुढचे दिवस तिने त्या स्कर्टला वाहून घेतलं. थर कापला की तो टेबलावरून खाली सोडायचा आणि कसा उतरतो ते बघायचं. जड वाटला तर बाजूला. चुण्या इतक्या बारीक घातल्या की मरियमबीने चष्मा लावून पाहिल्या आणि चहा आणून ठेवला. शिवताना सगुणा त्या मेलेल्या बाईशी भांडायची. तुझा हट्ट नडला तुला, घालायचा होतास पिवळा तर पिवळा. पण हातातलं नेट अलगद खाली बसायचं, आणि तिला कबूल करावंच लागायचं की हे हातात धरल्यावर ते ताठ फडकं तिलाही नको वाटलं असतं. त्या बाईचं तिला कौतुक वाटायला लागलं. मग, फार वर्षांनी, तानूचंही वाटलं. आजवर तिने तानूची फक्त कीव केली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी विनिताने तिला आग्रहाने बोलावलं, आणि ते बरंच झालं. नाचाच्या जरा आधी, पडद्यामागे मुग्धाने हात ताणले आणि चोळीच्या पाठीवरचे हुक पट्टीसकट उसवले. क्लासची रशियन बाई धावत आली. तिने सुईदोरा सगुणाच्या हातात दिला आणि मुग्धाची पाठ तिच्याकडे वळवली. चोळी अंगावरच शिवून टाक, अशी खूण केली. बॅलेवाल्यांत हे नेहमीचंच होतं.

सगुणाचा हात पुढे जाईना. "मी नाय हो शिवत अंगावर."

"ताई, प्लीज. वेळ नाहीये," विनिता म्हणाली. मग सगुणाचा चेहरा बघून हळूच म्हणाली, "काय हवंय तुम्हाला?"

"काडी. दातांत धराय."

विनिताने पर्स उपडी केली. टिश्यू, मेट्रोचं कार्ड, गाडीची किल्ली, सगळं निघालं. त्या एसी इमारतीत वाळल्या गवताची काडी कुठून मिळणार? बाई विचारू लागली, काय झालं. विनिताने ओशाळत इंग्रजीत सांगितलं.

बाई हसली नाही. तिने रिळाचा वीतभर दोरा तोडला आणि मुग्धाच्या दातांत दिला. मग सगुणाकडे वळून काहीतरी म्हणाली.

"त्यांच्याकडे दोरा धरतात म्हणे," विनिताने सांगितलं. "त्यांची आजी त्याशिवाय कुणाच्या अंगावर सुई लावायची नाही."

सगुणाने त्या गोऱ्यापान बाईकडे बघितलं. नात्यातलं कुणी अवचित भेटावं, तसं तिला वाटलं. मग तिने मुग्धाच्या पाठीवर हात ठेवला आणि टाके घातले, जवळजवळ, न थांबता.

नाच तिने पडद्याच्या कडेला उभं राहून पाहिला. शिवलेला कपडा चालताना बघायची शिंप्याला सवय नसते. तो घडी करून देतो आणि संपलं. मुग्धा धावत मधोमध आली, गिरक्या घेतल्या आणि एकदम थांबली. स्कर्ट तिच्यानंतर थांबला. धुकं उतरावं तसा हळूहळू खाली आला. सगुणाला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं. तानू अंगणातून चालत गेली की पदर असाच मागून यायचा. किती सुंदर दिसायची ती, हे इतकी वर्षं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

मुग्धा धापा टाकत आत आली, सगुणासमोर उभी राहिली आणि तिने तोंड उघडलं. जिभेवर दोरा होता.

"आय डिडंट लेट गो, मावशी."

सगुणाने तो दोरा काढून घेतला आणि तिच्या पाठीवरचे टाके कापले. ती कपडे बदलायला गेली तेव्हा सगुणा स्कर्ट-चोळी मांडीवर घेऊन एका खुर्चीवर बसली. स्कर्ट क्लासकडेच राहणार होता. पुढच्या खेपेला आणखी कुणाची तरी मुलगी तो घालणार. अलीकडे सुईत दोरा ओवायला तिला दुकानातल्या पोरींची मदत लागायची. मुग्धाच्या तोंडातला ओला दोरा मात्र एका खेपेत आत गेला. त्या दोऱ्याने तिने हुकांची पट्टी पुन्हा घट्ट बसवली, गाठ मारली आणि उरलेला दोरा दातांनी तोडला.