अर्धी बादली

"मोठा पाइप नको, ताई. पाणी दमानं चालेल," जुना पाइप कापता कापता प्लंबर म्हणाला. "नळ तोच राहणार. आधी पाइपातलं गार सगळं निघायचं, मग गीझरचं गरम पोचायचं. मागच्या न्हाणीघराला फार उशीर लागेल."

बाळाचे कपडे धुवायला तिला मागे धो धो पाणी हवं होतं. कडेवरच्या बाळाला थोपटत ती हसली. "पाइप मोठा तर पाणी जास्त. कॉलेजात शिकलेय मी, दादा."

"मग ओढ्यालाही शिकवून बघा. रुंद झाला की संथ होतो तो."

त्यानं दुप्पट रुंदीचा पाइप जोडला. धार होती तेवढीच राहिली.

मागचं न्हाणीघर सासूबाईंचं. त्याच आठवड्यात तिथला नळ बराच वेळ वाहताना तिला ऐकू आला.

"आई, धरण आपल्या नावावर आहे का?" तिनं दाराबाहेरून विचारलं.

"गरम यायची वाट बघतेय गं."

"पुढच्या न्हाणीघरात तर लगेच येतं!"

नळ बंद झाला. चार दिवसांनी तिनं विचारलंही, "पाणी येतं ना नीट?"

"येतं गं."

थंडीत सासूबाईंना खोकला धरला. "बाळाला लागेल, लांबूनच बघा हं," ती म्हणाली. त्या दारात उभ्या राहून, तोंडावर रुमाल धरून नातवाला हसवत. महिना झाला तरी खोकला हटेना, तेव्हा त्यांची रवानगी नणंदेकडे झाली.

दुसऱ्या दिवशी ती मागचं न्हाणीघर घासायला गेली. बादलीच्या आत, बरोबर मध्यावर, क्षारांची पांढरी रेघ बसली होती. जड बादली सासूबाईंना उचलवत नसे, त्या अर्धीच भरत. गरम पाण्यानं रेघ सुटेल म्हणून तिनं नळ सोडला आणि बाळाच्या पाण्यात धरायची तसं धारेखाली कोपर धरलं. गार. पाणी चढत गेलं. गारच. रेघ बुडाली. तिच्यावर चार बोटं पाणी चढलं, तेव्हा कोपराला पहिली ऊब लागली.

बाहेर येऊन तिनं बाळाला कडेवर घेतलं आणि ओल्या हातानंच नणंदेला फोन लावला.

"आई अंघोळीला गेलीय, वहिनी," नणंद म्हणाली. "इथे गरम लगेच येतं, तरी गारच घेते बघ. म्हणते, सवय झाली, उगाच पाणी कशाला वाया घालवू?"

मागून खोकल्याची उबळ ऐकू आली. कडेवरच्या बाळानं आवाज ओळखला आणि दाराकडे मान वळवली.

तुमच्याकडे मागच्या खोलीत कुणी राहत असेल, तर आज एवढं बघा. त्यांना विचारू नका, 'येतं' म्हणतील. नळ सोडा, धारेखाली हात धरा आणि थांबा.