गुलाबाच्या पानाचं घर

“थांब! हात नको लावू,” उकंडा बाजेवरून ओरडला.

शेजारची शीला दचकून मागे सरली. ती शिलाई मशीन न्यायला आली होती. डोळे मिटण्याआधी उकंडाच्या बायकोनेच, पंचफुलाने, तिला सांगितलं होतं, माझ्यामागं मशीन तू ने.

“काय झालं जी भाऊजी? साप हाये काय?”

“माशी हाये. मशीनच्या पाटाच्या भोकात घर करून राह्यली.”

“कुंभारीण असन. काडीनं कोरून टाकतो.”

“कुंभारीण चिखल आणते. हे पानं आणून राह्यली.”

तेवढ्यात माशी आलीच. काळपट, पायांत पानाची गोल चकती धरलेली. बोल्ट पडून झालेल्या भोकात ती शिरली. उकंडाने सकाळीच तिचा माग काढला होता. अंगणातल्या गुलाबावर बसून ती पान कापत होती. दुसऱ्या खेपेला पोटाखाली पिवळे पराग दिसले. म्हणजे मधमाशीच, पण पोळं न करणारी, एकटी राहणारी.

पंचफुला दर उन्हाळ्यात त्या गुलाबाशी उभी राहून, पानं खाल्लेली पाहून शीलाच्या बकरीला शिव्या द्यायची. बकरी इतकं गोल कशी खाईल? सकाळी हे सांगायला तो घराकडे वळून तिला हाक मारणारही होता.

“बरं, होऊ द्या माशीचं बाळंतपण,” शीला हसली. “पिल्लं उडाले का मशीन नेतो.”

जून लागायच्या आधी भोक मोकळं झालं. वाळल्या पानांचा चुरा पाटावर पडला होता. पिल्लं उडाली कधी, त्याला दिसलंही नाही. त्याने पंचफुलाची कात्री काढली. गुलाबाची पानं तोडून गोल कापली आणि भोकात दाबून बसवली.

दुपारी शीला आली.

“निघाले काय जी पिल्लं?”

“नाही अजून.”

ती वाकली. पान हिरवंगार होतं. एका बाजूला कात्रीने कापल्याचा टोकदार कोपरा तसाच राहिला होता. तिने उकंडाकडे पाहिलं. तो चपलेचा अंगठा नीट करत बसला होता.

“हो ना जी,” ती म्हणाली. “आताच तं दार लावलं तिनं. राहू द्या.”

“तुले ब्लाऊज शिवाचे असन...”

“हातानं शिवतो. जेवले काय तुम्ही?”

त्याने मान हलवली. ती हो होती की नाही, शीलाने विचारलं नाही. एरवी ती दार धाडकन लोटून जायची. आज घरात कोणी झोपलं असावं तसं तिने ते हळूच ओढून घेतलं.