बांधावरच्या बोरीच्या बिया

डोळे मिटा बघू, बाळांनो. समजा, पौषातली सकाळ आहे आणि तुम्ही धावडा गावच्या शिवारात उभे आहात. तुरीवर दव आहे, बोललात की तोंडातून वाफ निघते. समोर शेताचा बांध असायला हवा, त्यावर बोरीचं झाड असायला हवं. पण तिथे जेसीबीने ढकललेली माती आहे आणि बोरांनी लगडलेलं झाड आडवं पडलं आहे. अर्पिताला त्या सकाळी हेच दिसलं.

अर्पिता चौथीत होती. मागच्या हिवाळ्यात तिचा दोन वर्षांचा भाऊ माऊली गेला. थंडी छातीत बसली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वडिलांनी, पुंजारामने, त्याला या बोरीखाली ठेवलं होतं. आता रस्ता रुंद करताना झाड गेलं, खुणेचा दगडही मातीत गेला. नेमकी जागा कोणती, हे वडिलांनाही सांगता येईना. आई तर त्या दिवसापासून बोलेनाशीच झाली. निदान त्याच बोरीचं रोप बांधावर लागावं, एवढंच अर्पिताच्या मनात होतं.

शेजारची चतुराबाई शेळ्या राखायची. दुसऱ्या दिवशी तिनं अर्पिताला हाक मारली. "रडत काय बसली पोरी? त्या आडव्या झाडाची बोरं माह्या शेळ्यांनी काल दिसभर खाल्ली. चल गोठ्यात."

"गोठ्यात कशाला?"

"शेळी बोर गिळती, अन् मंग बसून रवंथ करताना बी थुंकती. तुह्यावानी घरभर न्हाई फेकीत, एका जागी ढीग लावती!"

दोघींनी गोठा झाडायच्या आधी बिया वेचल्या. दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत माती आणि लेंडीखत भरून त्या पेरल्या आणि पिशव्या भिंतीला लावून उघड्यावर ठेवल्या.

"ह्या बाहेरच राहू दे," चतुराबाई म्हणाली. "दिवसा ऊन, रातच्याला दव. असंच खाऊन खाऊन वरचं टणक कवच उलतं. मंग उन्हाळ्यात कोंब येतो."

"आजी, गारठतील ना."

"गारठू दे की. बी हाय ती, लेकरू थोडंच हाय?"

अर्पिता एकेक पिशवी भिंतीच्या आणखी जवळ सरकवू लागली.

संध्याकाळी वारा सुटला तसं तिला राहवेना. तिनं पिशव्या उचलून आत आणल्या, चुलीच्या कडेला मांडल्या आणि वर माऊलीची गोधडी टाकली. आईनं पाहिलं. तिनं चुलीत आणखी एक लाकूड सारलं आणि पिशव्या जाळाजवळ ओढल्या. मग हे रोजचंच झालं. सकाळी अर्पिता त्या बाहेर नेऊन ठेवायची, म्हणून चतुराबाईला कळलं नाही.

माघात चतुराबाई सहज डोकावली. तिनं पिशवीला हात लावला. माती भाजल्यासारखी कोरडी होती. तिनं एक बी उकरून दगडाने फोडली. आतला गर काळा पडून सुरकुतला होता. दुसरी फोडली, तीही तशीच. मग तिनं एकेक करून सगळ्या फोडल्या.

"कुणी नेल्या चुलीपाशी?"

"मी," अर्पिता म्हणाली.

"मी," दारातून आईही म्हणाली.

चतुराबाई रागावली नाही, तेच जास्त लागलं. ती गोठ्यात गेली, गव्हाणीच्या फटी काडीने कोरत बसली आणि चिमूटभर बिया घेऊन आली. "एवढ्याच घावल्या. ह्या गेल्या की त्या झाडाचं काईच उरत न्हाई. आता तुमचं तुम्ही बघा."

अर्पितानं नव्या पिशव्या भरल्या, बिया पेरल्या, पिशव्या बाहेर भिंतीला लावल्या आणि वर काट्याची फांदी ठेवली. अंधार पडला तसा गारठा वाढला. वडील जेवून कोपऱ्यात पडले होते. आईला काही बसवेना. ती उठली, दारापाशी गेली, परत आली, पुन्हा गेली.

"लई गार हाय गं बाहेर," ती म्हणाली. "आजच्या दिवस घेऊ का आत?"

अर्पिताच्या ओठांवर 'हो' आलं होतं. ते तिनं गिळलं. आईचा हात धरून तिला चुलीपाशी बसवलं आणि दाराला आतून कडी घातली.